खांद्याची खोटी साक्ष

ईदुलगुट्टा
११ फेब्रुवारी १९८७

बावा,

कोमरय्याचा नमस्कार. राजम्माक्कालाही सांगावा.

इकडे सर्व ठीक आहे. ताडांना पाझर चांगला सुटला आहे. माझ्या वाटणीची बाराही झाडं यंदा मडकी भरून देतात. नजर लागू नये म्हणून सौ. लच्चम्माने प्रत्येक बुंध्याला हळद लावली आहे. तळ्याच्या बांधावरची म्हातारी पेद्दम्मा, तुम्हाला ते झाड सांगायला नको, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत उदार. उगादीनंतरच्या रविवारी एल्लम्माची जत्रा. वडिलांच्या वेळेपासून देवीपुढे पहिली धार पेद्दम्माच्या मडक्यातून पडते, तशीच यंदाही पडेल.

एक लहान काम होतं. माझा उजवा खांदा दुखतो. झाडावर नाही दुखत एवढा, खाली उतरून बसलो की दुखतो. उजव्या कुशीवर निजता येत नाही. शेजारची बुच्चम्मा रोज एरंडेल चोळते आणि चोळताना माझ्या सात पिढ्यांच्या खांद्यांची चौकशी करते, पण गुण नाही. तुमच्या डेपोतले ड्रायव्हर लावतात ते हिरव्या डबीतलं मलम मिळालं तर पाठवावं.

संध्याकाळी थोडी थंडी वाजते. तळ्यावर आंघोळ उशिरा होते, त्यामुळे असेल. आणि हो, माझा चढायचा कमरेचा दोर जुना झाला. ताणला जाऊन सैल होतो. मला दोनदा गाठ आत घ्यावी लागली. चांगला काथ्या तिकडे मिळाला तर तोही बघावा.

आपला,
कोमरय्या

•

हैदराबाद
१७ फेब्रुवारी

बामर्दी,

मलम पाठवलं आहे. आपल्या गावाच्या गाडीवरचा ड्रायव्हर घेऊन येईल. त्याला एक मडकं ताडी द्यावी लागेल असं तो म्हणाला. मी म्हटलं, अरे, मलम माझं, मेहुणा माझा, ताडी तुला कशाची? तर म्हणाला, गाडी माझी.

तुझा खांदा दुखणारच. या वयात दिवसातून दोन वेळा बारा झाडं म्हणजे काय गंमत आहे? मी बघ, पंचवीस वर्षांपूर्वी शहाणपणा केला. गुडघा गेला तो गेला, पण झाडं सोडली आणि डेपोत टायर बदलत सुखाने जाडा झालो. आता बसल्या जागी बसच माझ्याकडे येते.

तुझं पत्र तुझ्या अक्काला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. खांद्याचं ऐकून थापतच राहिली. दोराचं ऐकलं आणि थांबली. म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो, माझा त्यात शब्द नाही:

"दोर वाढत नसतो रे वेड्या. माणूस आटतो. तालुक्याला जाऊन डॉक्टरला दाखव. नाही दाखवलंस तर मी येईन, आणि मी आले की काय होतं ते तुझ्या दाजींना विचार."

मला विचारू नकोस. पण जाऊन ये.

अंजय्या

•

ईदुलगुट्टा
२६ फेब्रुवारी

बावा,

मलम मिळालं. छान गार लागतं आणि वास डोक्यात जातो. ड्रायव्हरने एक मडकं म्हणून दोन नेली.

अक्काच्या धाकाने तालुक्याला जाऊन आलो. डॉक्टर भला माणूस आहे. त्याने हात वर करवला, मागे न्यायला सांगितला. सगळीकडे हात गेला, कुठे अडला नाही. "धंदा काय?" "ताड चढतो." त्याने मान हलवली, म्हणजे त्याला कारण सापडलं. मलाही तेच कारण वाटत होतं, त्यामुळे आमचं पटलं. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "पितोस का?" मी म्हटलं, "नाही." त्याने पुन्हा बघितलं. म्हणाला, "ताडीवाला आणि पीत नाही?" मी म्हटलं, "सोनार काय सोनं खातो?" तो हसला. सुई दिली, गोळ्या दिल्या, पंधरा दिवस झाडावर चढू नकोस म्हणाला.

मी घरी येऊन संध्याकाळी चढलो. लच्चम्मा खाली उभी राहून बोलत होती, वरून काही नीट ऐकू येत नव्हतं, ते एक बरं झालं. आता मोठा श्वास घेतला की उजवीकडे बरगडीखाली टोचतं. वरून गिऱ्हाइकाला हाक मारायची सोडली आहे. कधी उचकी लागते ती बराच वेळ राहते. लच्चम्मा म्हणते, कुणीतरी आठवण काढतं. मी म्हटलं, अक्का असेल.

खांद्याचं दुखणं खांद्याबरोबर जाईल. तुम्ही काळजी करू नये.

कोमरय्या

•

हैदराबाद
३ मार्च

बामर्दी,

तुला एक गोष्ट विचारतो. नीट उत्तर दे, ही थट्टा नाही.

"पितोस का" म्हटल्यावर तू "नाही" म्हणालास. खोटं बोलणारा तू नाहीस हे मला माहीत आहे. एल्लम्माचा धाक तुला माझ्यापेक्षा जास्त. पण झाडावर गेल्यावर मडकं उतरवायच्या आधी तू त्यातला घोट चाखतोस की नाही? गोड आहे की आंबट, कोणतं आधी विकायचं, ते बघायला? आणि खाली आल्यावर गिऱ्हाइकांसमोर पहिला पानाचा द्रोण तूच पितोस की नाही, आपल्या रीतीप्रमाणे, त्यांचा विश्वास बसावा म्हणून? बारा झाडं, दोन वेळा. त्याला तू काम म्हणतोस. तुझ्या हिशेबात पिणं म्हणजे दुसऱ्याच्या झाडाखाली बसून पैसे देऊन पितात ते. डॉक्टर बिचाऱ्याला हा हिशेब कुठला ठाऊक?

हे का विचारतो ते सांगतो. आमच्या डेपोत यादगिरी नावाचा ड्रायव्हर आहे. मागच्या वर्षी त्याचा उजवा खांदा दुखायला लागला. सगळे म्हणाले, स्टिअरिंग फिरवून दुखतो. आम्ही सगळ्यांनी त्याला आळीपाळीने चोळला. ताप यायला लागला तरी चोळतच होतो. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेला तर खांदा अगदी ठणठणीत, आणि आत यकृतात पूचं गळू, नारळाएवढं. बाहेरून काही दिसत नाही. ना सूज, ना लाली.

जेवायच्या आधी निजून, उजव्या बरगडीच्या खाली बोटांनी दाब. काय होतं ते लिही.

आणि निघून ये. दवाखाना आमच्या घरापासून जवळ आहे. तुझी अक्का रोज पत्र आलं का विचारते आणि न आलेल्या पत्राबद्दल मला रागावते.

अंजय्या

•

ईदुलगुट्टा
८ मार्च

बावा,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दाबलं. लच्चम्माने घाम पुसला. एवढंच.

पण मला येता येणार नाही. तुम्ही झाडं सोडलीत तरी झाडांची रीत विसरला नसाल. झाडाच्या माथ्यावरची पोय, फुलोऱ्याची ती दांडी, रोज सकाळ-संध्याकाळ पातळ पातळ छाटली तर पाझरते. दोन दिवस सुरी लागली नाही तर तिचं तोंड सुकतं. चार दिवसांनी झाड हंगामापुरतं मिटतं, मग कितीही विनवा. गावातले बाकीचे चौघे आपापल्या झाडांत कमरेपर्यंत बुडाले आहेत. मला मुलगा नाही, मुली सासरी. मी तिकडे खाटेवर पडलो की इकडे बारा झाडं मिटतील. मग उगादीनंतर देवीपुढे काय ओतू, विहिरीचं पाणी?

आणखी एक. रागावू नका. माझ्या ताडीने आजवर कुणाचं पोट दुखवलेलं नाही. मी तिच्यात थेंबभर पाणी घालत नाही, नशेचं चूर्ण घालत नाही. पोचय्या ताता साठ वर्षं याच झाडांची पितो आणि अजून सुपारी फोडतो. तिने माझ्या आत गळू केलं असं मला म्हणवत नाही.

जत्रा झाली की येतो. चार आठवडे राहिले. देवीने इतकी वर्षं वर धरलं, चार आठवडे धरेल.

कोमरय्या

•

ईदुलगुट्टा
१६ मार्च

कोमरय्या गौड,
पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट

बामर्दी,

तुझ्याच ओट्यावर बसून, तुझ्याच शाईने हे लिहितो आहे. तिकडे तू माझ्या घरचं सार-भात खातोस, इकडे मी तुझी झाडं चढतो. अशी अदलाबदल आपल्या लग्नात ठरली नव्हती.

अजून रागात असशील तर ऐक. आम्ही दोघं बसमधून उतरलो तेव्हा तू एका ताडाच्या बुंध्याशी दोर कमरेला बांधून बसला होतास. म्हणालास, "जरा सावलीला बसलोय." ताडाला सावली असते का रे? तुला उठता येत नव्हतं. तुझ्या अक्काने तुझी धोतरं पिशवीत भरली. तू झाडांकडे बघितलंस. मी रजा टाकून आलो होतो, म्हटलं, "झाडं मी बघतो." तेव्हा तू हसलास. ताप एकशेतीन असताना हसलास, तेव्हाच मला कळलं की आता मागे हटता येत नाही.

पहिल्या दिवसाचं ऐक. तुझा दोर माझ्या पोटाला पुरेना. तू गाठी आत आत घेत गेला होतास. त्या सोडल्या तरी दोन विती कमी. लच्चम्माने गाईचं दावं आणून दिलं. ते जोडून मी मोठी गाठ मारली. तोवर अर्धं गाव जमलं होतं. बुच्चम्मा तेलाची वाटी घेऊनच आली होती. पोचय्या ताता काठी टेकून म्हणाला, "अंजय्या, झाडाला मिठी मार, लाजू नको, तुझी बायको गावात नाही." दुसरा म्हणाला, "वर गेलास की हैदराबाद दिसतं का सांग." मी अर्ध्यात थांबून दम घेतला तर म्हणे, "स्टॉप आला, उतरणारे उतरा."

पण हात विसरले नव्हते रे. सुरी पोयीला लागली आणि मनगट आपोआप वळलं. पंचवीस वर्षं टायर फिरवले, तरी मनगट ताडाचंच राहिलं. संध्याकाळी अंग असं दुखत होतं की खांदा कुठला आणि पाय कुठला कळेना. बुच्चम्मा खूश आहे.

झाडं ठीक आहेत. तू तुझं लिही. नीट लिही, "एवढंच" असं लिहू नको.

अंजय्या

•

हैदराबाद, दवाखाना
२० मार्च

बावा,

नीट लिहितो.

पोटावर थंडगार काहीतरी चोपडून त्यांनी एक यंत्र फिरवलं. बाजूच्या काचेत आतलं दिसतं. सुगुणा म्हणून डॉक्टरीण आहेत, आपल्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. करड्या आभाळात काळा चंद्र असावा तसा डाग. म्हणाल्या, "हा पू. इथे आत साचलाय, आणि यकृताला बाजूला दाबून जागा करून बसलाय. अजून उशीर केला असता तर फुटून छातीत नाहीतर पोटात गेला असता." मग बरगड्यांच्या मधून लांब सुई घातली. मी एल्लम्माचं नाव घेत होतो. निघालं ते पांढरं नव्हतं, पिवळं नव्हतं. चिंचेचा कोळ गुळात कालवावा तसा रंग, तसाच दाटपणा. वासही नाही. मोठा लोटा भरून वर उरलं. एवढं पोटात घेऊन मी झाडं चढत होतो आणि खांद्याला तेल लावत होतो.

मी विचारलं, "मग खांदा का दुखला, अम्मा? त्याचा काय संबंध?" त्या म्हणाल्या, छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. यकृत त्याला खालून लागून. तो पडदा चिडला की त्याची तक्रार ज्या वाटेने वर जाते, त्याच वाटेने खांद्याचीही जाते. डोक्याला वाटतं, खांदाच ओरडला. खांद्यात काही म्हणजे काही नव्हतं. मी हे दोन दिवस मनात घोळवतो आहे. आतल्या मुक्या अवयवाला तोंड नाही म्हणून त्याने शेजाऱ्याच्या तोंडाने हाक मारली. आणि आपण शेजाऱ्याला मलम लावत बसलो. देवाने हे असं का केलं असेल? निदान हाक मारायची सोय तरी ठेवली, असं म्हणायचं.

त्यांनीही विचारलं, "पिता का?" मी "नाही" म्हणायच्या आत अक्काने बाजूने तुमचा सगळा हिशेब सांगितला, झाडं, द्रोण, दोन वेळा. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मडकी कशात धुता?" म्हटलं, तळ्यात. "तळ्यात आणखी काय काय होतं?" मी सांगायला लागलो, म्हशी, धुणं, सकाळी बांधाआडची माणसं. ताडी झाडातून निघते तेव्हा स्वच्छच असते, त्या म्हणाल्या. घाण मडक्यातली. त्यातला डोळ्याला न दिसणारा किडा आधी आतड्यात जातो, तिथून यकृतात.

म्हणजे माझ्या ताडीचा दोष नव्हता, माझ्या धुण्याचा होता. हे ऐकून आधी बरं वाटलं, मग नाही वाटलं. एक समाधान आहे. चाखायची रीत असल्यामुळे सगळ्यांत जास्त घाण माझ्याच वाट्याला आली.

तर आता तुम्ही एवढं करा. मडकी हातपंपावर धुवा आणि मग आत ताडाची सुकी पानं पेटवून तापवा. पोचय्या तातालाही सांगा, पोट दुखलं तर सुपारी फोडत बसू नये.

ताप उतरला आहे. गोळ्या चालू आहेत. तोंडात सारखी लोखंडाची चव राहते, जणू तुमचा डेपो चाटतो आहे. पेद्दम्माबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. ती कशी आहे?

कोमरय्या

•

ईदुलगुट्टा
२५ मार्च

बामर्दी,

तुझ्या लोट्याचं वर्णन मी भर दुकानात वाचून दाखवलं. दोघांनी द्रोण खाली ठेवला. पोचय्या तातानं त्यांचेही पिऊन टाकले.

मडकी पंपावर धुतो आणि जाळ करून तापवतो. गाव माझ्यावर नाराज आहे. म्हणतात, ताडीची जुनी चव गेली. मी म्हटलं, कोणती, म्हशीची? तर ताता गंभीरपणे म्हणाला, "होय, तळ्याचा एक गोडवा होता." बाकीचे चौघे ताडीवाले आधी हसले. पण त्यातल्या एकाच्या बायकोने तुझी हकिगत ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी तोही पंपावर मडकी घेऊन रांगेत उभा. आता पाणी भरणाऱ्या बायका आम्हा दोघांना शिव्या देतात.

हे सगळं लिहिलं, पण तू विचारलंस त्याला उत्तर दिलं नाही. मागच्या पत्रात झाडं ठीक आहेत असं लिहिलं होतं. अकरा झाडं ठीक आहेत.

पेद्दम्मावर मी गेलो नाही. पहिल्या दिवशी तिच्याखाली उभा राहिलो, दोर टाकला, आणि गुडघा दुखायला लागला. तोच, तेव्हाचा. तिच्यावरूनच पडलो होतो हे तुला माहीत आहे, तूच गवताच्या गंजीतून मला ओढून काढलंस. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. रोज उद्या म्हणत गेलो. आता तिची पोय सुकली असेल. जत्रा तोंडावर आली. तुझ्या वडिलांची रीत माझ्या गुडघ्यापायी मोडणार. तुझी अक्का ऐकत असेल तर तिला हा भाग वाचून दाखवू नकोस.

अंजय्या

•

हैदराबाद, दवाखाना
२८ मार्च

बावा,

अक्काने पत्र माझ्या आधी शेजारच्या खाटेवाल्याकडून वाचून घेतलं होतं. ती काही रागावली नाही. म्हणाली, "म्हणजे ते खरंच चढतायत? मला वाटलं, नुसती पत्रं लिहितायत."

पेद्दम्माचं मनाला लावून घेऊ नका. मला अंदाज होताच. तुम्ही अकरा झाडं जगवलीत, त्यावर माझं आयुष्य उभं आहे. सुईच्या वेळी मी देवीचं नाव घेत होतो असं लिहिलं, पण मधूनमधून तुम्ही गाईचं दावं लावून चढताय हे डोळ्यांसमोर येत होतं, आणि हसू आलं की सुई लागायची. डॉक्टरीणबाई म्हणत, हलू नका.

देवीला ताडी लागते, उंची लागत नाही. कोणत्याही झाडाची धार चालेल. मी सांगितलं म्हणून सांगा. ताता कुरकुरला तर म्हणावं, तूच चढ.

एक गोष्ट मात्र लिहितो, लहान तोंडी. खाटेवर पडून मला हल्ली हेच सुचतं. तुमचा गुडघा अकरा झाडांवर दुखला नाही. डेपोत जिने चढताना दुखत नाही, अक्काला विचारलं. एकाच झाडाखाली दुखतो. बावा, हे गुडघ्याचं दुखणं दिसत नाही. माझा खांदा असाच खोटी साक्ष देत होता. खोल काही साचलं की कातडीला पत्ता नसतो, ते दुसऱ्याच्या नावाने दुखतं. पंचवीस वर्षं आपण तुमच्या गुडघ्याला तेल लावलं.

त्यावर काही करायलाच हवं असं नाही. माझ्या आतलं फुटलं असतं म्हणून काढावं लागलं. तुमचं शांत बसलं असेल तर बसू द्या. चढू नका. हे मनापासून लिहितो.

शनिवारी सोडणार आहेत. अक्का घेऊन येते.

कोमरय्या

•

ईदुलगुट्टा
१ एप्रिल

बामर्दी,

तुझं पत्र पंपाच्या रांगेत वाचलं. इतका राग आला की मडकी तिथेच ठेवली. आजारी माणसाने आजाऱ्यासारखं पडावं. माझ्या गुडघ्यात कशाला शिरतोस? तरातरा बांधावर गेलो. तुला सांगायचं होतं की गुडघाच आहे, दुसरं काही नाही. म्हटलं, दाखवतोच.

चढलो. सकाळची वेळ, कुणी नव्हतं असं मला वाटलं. गुडघा दुखला, तसाच चढलो. जिथून सुटलो होतो ती जागा आली. तिथे खोडाला एक फुगवटा आहे, तू रोज बघत असशील. मला वाटलं होतं, तिथे हात सुटतील. तिथे आल्यावर कळलं की मी मोठ्याने रडतो आहे. रडणं आणि चढणं एकाच वेळी करता येतं हे मला माहीत नव्हतं. फुगवटा खाली राहिला आणि गुडघा दुखायचा थांबला. तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांग.

वर गेलो तर तुझी छाटलेली पोय वाळून काठी झालेली. पण तिच्या मागे पानांच्या बेचक्यात दोन नव्या. म्हातारी मिटली नव्हती, वाट बघत होती. एक बांधली, ठोकली, छाटली. मग उतरलोच नाही बराच वेळ. तळं दिसत होतं, देऊळ दिसत होतं. हैदराबाद काही दिसत नाही, ते नक्की सांगतो.

उतरताना मात्र भीती वाटली. खाली पोचय्या ताता बसला होता. किती वेळचा, देव जाणे. म्हणाला, "आता वय झालं तुझं, रडायचं. तेव्हा पडलास तेव्हा रडला नव्हतास." आणि काठी टेकत गेला. गावात कुणाला बोललेला नाही. त्याच्यासारखा माणूस बोलला नाही, म्हणजे बघ.

नवी पोय पाझरायला वेळ लागेल. रविवारपर्यंत द्रोणभर निघाली तरी पुष्कळ. पण निघेल.

अंजय्या

•

ईदुलगुट्टा
१९ एप्रिल

बावा,

तुमचा नमस्कार पोचला, अक्काने पाठवलेलं लोणचंही. लोखंडाची चव आता गेली, त्यामुळे लोणचं लोणच्यासारखं लागतं.

जत्रेची रात्र तुम्ही होतातच. तरी एक सांगायचं राहिलं. अकरा झाडांच्या घागरीत तुम्ही पेद्दम्माचा तो द्रोणभर वेगळा राखून वरून ओतलात आणि घागर माझ्या हातात दिलीत. मी धार सोडली तेव्हा डोळे मिटले होते. सगळ्यांना वाटलं, भक्ती. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं.

तुम्ही सोमवारच्या गाडीने गेलात आणि मंगळवारी मी घोटाळा केला. गोळ्या संपेपर्यंत ताडी घ्यायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. मी घेतलीही नसती. पण दुकानात मडकं आलं, गिऱ्हाईक बसलं, आणि रीतीप्रमाणे हात आपोआप पहिल्या द्रोणाकडे गेला. बावा, एवढे दिवस दवाखान्यात ऐकून घेतलं तरी मनात चाखणं म्हणजे पिणं नव्हतंच. घशाखाली उतरते न उतरते तोच तोंड लाल झालं, छाती धडधडली, आणि सगळ्यांच्या देखत भडाभडा ओकलो. प्रत्येकजण आपापल्या द्रोणात बघायला लागला. एकाने विचारलं, "देवीचा कोप झाला काय?" लच्चम्मा आतून गोळ्यांचं पाकीट घेऊन आली आणि सगळ्यांच्या नाकासमोर फिरवलं. "देवीचा नाही, ह्या गोळ्यांचा कोप झालाय. ह्या माणसाला यंत्राने आतून बघितलं, तरी ह्याच्या डोक्यात काय आहे ते दिसलं नाही." मग पोचय्या ताता उठला, माझ्या मडक्यातून भरून घेतलं, सगळ्यांकडे बघत सावकाश प्याला, आणि तोंड पुसून म्हणाला, "तळ्याचा गोडवा नाही. पण चालेल." तेव्हा कुठे धंदा सुरू झाला. आता पहिला द्रोण तोच घेतो. पैसे देत नाही, म्हणतो हे काम आहे.

मला अजून चढायची परवानगी नाही. मे महिन्यात पुन्हा यंत्राखाली निजायचं, तो काळा चंद्र मावळला की मग. पण झाडं उभी आहेत. तुम्ही गेल्यावर त्या चौघांनी आपसात तीन-तीन झाडं वाटून घेतली. मी विनवलं नव्हतं. त्यातला एक म्हणाला, "डेपोतला जाडा माणूस गाईच्या दाव्यावर चढला, आणि आम्ही बघत होतो. पुन्हा तसं बघणार नाही." पेद्दम्मा आता अर्धं मडकं देते.

खांदा दुखत नाही. त्याला मी काही बोललो नाही, त्याने शेवटी खरं काम केलं.

काल तुमच्या आठवणीने दोर काढून कमरेला लावून बघितला. त्याच्यावर आता तीन खुणा आहेत. एक माझ्या जुन्या गाठीची, जागा घासून काळी झालेली. तिच्या आत, आजारात घेत गेलो त्या गाठींच्या. आणि पार टोकाला, दाव्याला मारलेली तुमची. मी ओढून बघितला. आतल्या खुणांपर्यंत पोचत नाही, जुन्या खुणेच्या अलीकडे दोन बोटं थांबतो. अक्काला सांगा, माणूस भरतोय.

लच्चम्मा दावं परत मागत होती, गाय मोकळी हिंडते म्हणून. तिला बाजारातून नवं आणून दिलं. तुमची गाठ सोडलेली नाही. दोर खुंटीवर तसाच आहे, पुढच्या हंगामात रजा मिळाली तर तुमच्या मापाचा तयार असेल.

आपला,
कोमरय्या